भिंतीसमोरचा चित्रकार : मेजर रॉबर्ट गिल

मराठवाड्यात मेजर रॉबर्ट गिलचे नाव काढले की ऐकणारा लगेच पारोचे नाव घेतो. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घ कवितेने ही जोडी मराठी वाचकाच्या मनात पक्की बसवली आणि २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांच्या चित्रपटाने ती पडद्यावर आणली. अजिंठा गावात तर ही कहाणी त्याआधीपासून तोंडोतोंडी होतीच. कवीने आणि दिग्दर्शकाने तिच्यातून जे घ्यायचे ते घेतले. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असायचे कारण नाही. पण या सगळ्यात एक साधी गोष्ट बाजूला पडली. गिल अजिंठ्याला आला तो नोकरीच्या हुकमाने, एका ठरावीक कामासाठी. ते काम चित्रकाराचे होते. १८४४ मध्ये त्याची नेमणूक झाली आणि १८६३ पर्यंत तो ते काम करत राहिला. जवळजवळ वीस वर्षे! इतकी वर्षे एकाच जागी बसून दुसऱ्याची चित्रे उतरवणाऱ्या माणसाला आपण चित्रकार म्हणायचे की नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे.

मी कलाशाळेत गेलेलो नाही. बोरीसारख्या गावात राहून, मिळेल ते पुस्तक वाचून आणि जमेल तेव्हा एस.टी.ने जिंतूर–मंठा–जालना असा प्रवास करत अजिंठा गाठून जे कळले, ते इथे मांडतो आहे. परभणी जिल्हा आणि अजिंठा हे १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात, एकाच औरंगाबाद सुभ्यात होते. त्या अर्थाने हा आपल्याच घरचा इतिहास आहे.

लेणी पुन्हा दिसली ती अशी

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली तीस लेणी स्थानिक लोकांना कधीच अपरिचित नव्हती. गुराखी तिथे जात, साधू राहत, चुली पेटत. बाहेरच्या जगाच्या नजरेला ती पडली १८१९ मध्ये. मद्रास लष्करातला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर त्याने आपले नाव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. ते कोरलेले नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात मातीदगडांचा ढीग साचलेला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. म्हणजे चित्रावर आपले नाव खरडणाऱ्या पर्यटकांची परंपरा अजिंठ्यात पहिल्या दिवसापासूनची आहे.

त्यानंतर अधूनमधून लष्करी अधिकारी येऊ लागले. कुणी वर्णने लिहिली, कुणी चित्रांचे तुकडे काढून नेण्याचा प्रयत्न केला. भिंतीपासून सुटताच त्या तुकड्यांची माती झाली. १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन अजिंठ्याला आला. नीळ-व्यापारात कमावलेला पैसा इमारतींच्या अभ्यासावर घालवणारा हा माणूस पुढे भारतीय वास्तुकलेच्या इतिहासाचा आद्य अभ्यासक ठरला. त्याने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. सोसायटीने तो आग्रह ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपर्यंत नेला. कंपनीने मद्रास सरकारला कळवले आणि मद्रास सरकारने माणूस निवडला : कॅप्टन रॉबर्ट गिल, ४४ वी मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्री.

सैनिकाच्या हातात कुंचला

गिलचा जन्म १८०४ चा, लंडनचा. विशीच्या उंबरठ्यावर तो कंपनीच्या मद्रास लष्करात भरती झाला. अजिंठ्याच्या कामावर नेमणूक झाली तेव्हा तो चाळिशीला आला होता, १८४१ मध्ये त्याचे लग्न झाले होते. लष्करी माणसाला चित्रकलेच्या कामावर पाठवले, याचे आज आपल्याला नवल वाटते. त्या काळात ते नवल नव्हते. कॅमेरा हातात येण्यापूर्वी किल्ला, घाट, नदीचा उतार, शत्रूचा तळ हे सगळे हाताने रेखाटूनच वरिष्ठांना कळवावे लागे. त्यामुळे बऱ्यापैकी चित्र काढणारे अधिकारी लष्करात असत. फरक इतकाच, की त्यांची रेखाटने छोट्या कागदावर असत आणि गिलला सांगितलेले काम होते कॅनव्हासवर, तैलरंगात, मोठ्या मापाचे.

अडचणींची यादी मोठी आहे. लेणी निजामाच्या मुलखात, काम कंपनीचे. जवळची मोठी वस्ती म्हणजे घाटावरचे तटबंदीचे अजिंठा गाव. तिथल्या बारादरीत गिलचा मुक्काम असे. गावापासून लेण्यांपर्यंत यायचे तर घाट उतरून फर्दापूरच्या बाजूने आत शिरावे लागे. दरीत वाघ होते, पावसाळ्यात हिवताप होता, वाटेवर लुटारूंची भीती होती. तैलरंग, तेल, चांगला कॅनव्हास हे सगळे परदेशातून यायचे. मुंबई–ठाणे ही पहिली प्रवासी रेल्वे धावली १८५३ मध्ये. म्हणजे गिलच्या कामाच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांत या देशात प्रवासी रेल्वेच नव्हती. सामान यायचे बैलगाडीने आणि ओल्या रंगाची पूर्ण झालेली चित्रे परत जायची तीही बैलगाडीनेच. चित्र काढण्याइतकीच ते वाळवण्याची, गुंडाळण्याची आणि बंदरापर्यंत सुखरूप पोहोचवण्याची कसरत त्याला करावी लागली असणार.

मूळ चित्रकाराने काय केले होते

नक्कल करणाऱ्याचे काम समजायचे तर आधी मूळ काम समजून घ्यावे लागते. अजिंठ्यात दोन काळांतली चित्रे आहेत. नवव्या व दहाव्या लेण्यांतली जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची, सातवाहनकाळातली. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे या लेण्यांतली प्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या आसपासच्या काळातली. सोळावे लेणे तर हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दान दिले, असे तिथल्या शिलालेखातच नोंदलेले आहे.

या चित्रांची रीत आपल्या खेड्यातल्या माणसाला चटकन कळेल अशी आहे. छिन्नीच्या घावांनी खडबडीत ठेवलेल्या खडकावर आधी मातीचा जाड थर दिला. त्या मातीत भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे धागे, वाळू असे सगळे कालवले. मातीची भिंत लिंपताना आपल्या आज्या मातीत भुसा का घालत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. त्यावर बारीक चाळलेल्या मातीचा दुसरा थर आणि शेवटी चुन्याचा अगदी पातळ हात. तो पृष्ठभाग वाळल्यावर लाल रेषेने आकृती काढायची, रंग भरायचे, मग गडद रेषेने पुन्हा कडा बांधायच्या. युरोपातल्या भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि रंग चुन्यातच मुरतो. अजिंठ्यात मात्र कोरड्या पृष्ठभागावर, सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. त्यामुळे ते वरच्या वर बसलेले आहेत आणि म्हणूनच फार नाजूक आहेत.

रंगांची पेटी लहान होती. गेरू, पिवडी, काजळी, चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पांढरा, याच खडकातून मिळणारी हिरवी माती. हे सगळे आसपासचेच. एकच रंग दूरदेशीचा : लाजवर्दाचा निळा. तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. इतक्या थोड्या रंगांत या चित्रकारांनी माणसाच्या कातडीच्या किती छटा दाखवल्या, हे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभे राहिले की कळते.

या गिलाव्यात भरलेले धागे आणि तूस हीच पुढे त्याची दुखरी जागा झाली. किडे ते खाऊ लागले, वटवाघळांची घाण साचली, पाण्याचा ओलावा आत शिरला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे धागे सापडले आणि त्यांमुळे तो अधिक टिकला असावा, असा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात काढला आहे. गिलला यातले रसायन माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याला एवढेच दिसत होते, की समोरची भिंत दर पावसाळ्यानंतर थोडी कमी होते आहे.

नक्कल करणे म्हणजे नेमके काय

‘नक्कल’ हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. परीक्षेतली कॉपी, दुसऱ्याची चाल उचलणारा गायक, असे काहीतरी मनात येते. भिंतीवरचे चित्र कॅनव्हासवर उतरवताना काय काय ठरवावे लागते, याचा नीट विचार केला तर हा शब्द अपुरा वाटू लागतो.

पहिला प्रश्न उजेडाचा. विहारांच्या मागच्या भिंतींवर दिवसाही जेमतेम उजेड पोहोचतो. धूर करणारी मशाल चित्राजवळ नेणे म्हणजे चित्राचीच हानी. उन्हाची दिशा पाहून पांढरे कापड किंवा चकचकीत पत्रा धरायचा आणि परतणारा उजेड भिंतीवर फिरवायचा, ही युक्ती अजिंठ्यात पुढेही कितीतरी वर्षे चालू होती. वीज येण्याआधी लेणी पाहिलेल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल. असा उजेड सतत सरकतो. सकाळी पाहिलेला तांबडा दुपारी तोच राहत नाही. म्हणून रंग जुळवणे हे काम डोळ्यांपेक्षा स्मरणाचे होऊन बसते.

दुसरा प्रश्न मापाचा. अजिंठ्याच्या चित्रांना चौकट नाही. एक प्रसंग संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. राजवाड्याचा खांब, झाड किंवा दार एवढाच काय तो आडोसा. कॅनव्हासला मात्र चार बाजू असतात. मग चित्र कुठे तोडायचे? भिंतीवरच्या सलग कथेतून नेमका कोणता तुकडा ‘एक चित्र’ म्हणून उचलायचा, हा निर्णय गिलला प्रत्येक वेळी घ्यावा लागला आणि तो निर्णय मूळ चित्रकाराने कधीच घेतलेला नव्हता.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिलला या गोष्टी माहीतच नव्हत्या. अजिंठ्याची बहुतेक चित्रे जातककथांची आणि बुद्धचरित्राची आहेत. त्या जातकांची मूळ पाली संहिता छापील रूपात जगापुढे आली ती व्ही. फाउसबोल या डॅनिश पंडिताच्या संपादनातून, १८७७ नंतर. गिलचे काम त्याच्या कितीतरी आधी संपले होते. सतराव्या लेण्यात दानशूर विश्वंतर राजपुत्राची कथा आहे, दहाव्यात सहा दातांच्या हत्तीची आहे, सोळाव्यात नंदाची पत्नी सुंदरी शोकाने मान टाकते आहे, हे आज आपल्याला फलक वाचून कळते. गिलसमोर नुसती माणसे होती : कुणी हात जोडलेले, कुणी पाठ फिरवलेली, कुणी डोळे खाली वळवलेली. गोष्ट माहीत असली की डोळा आळशी होतो. ‘हा राजा, ही राणी’ म्हणून पुढे सरकतो. गोष्ट माहीत नसली की प्रत्येक बोट, प्रत्येक भुवई, प्रत्येक वळण सारख्याच महत्त्वाचे ठरते. या अज्ञानाचा गिलला त्रास झाला असेल. पण वीस वर्षे त्याला इतक्या बारकाईने पाहायला लावले ते याच अज्ञानाने, असे माझे मत आहे.

चौथा प्रश्न माध्यमाचा. मूळ चित्रे रेषेवर उभी आहेत. रंग सपाट भरून उंचवटे हलक्या-गडद छटांनी आणि पांढऱ्या ठिपक्या-फटकाऱ्यांनी दाखवले आहेत. गिलचे शिक्षण आणि हात युरोपीय, साधन तैलरंग. तैलरंगाला छाया-प्रकाश आवडतो, चमक आवडते. मातीच्या कोरड्या, धुरकट पृष्ठभागाचा परिणाम तेलात आणायचा म्हणजे आपल्या हाताला लागलेली सवय रोज मोडायची. कुठल्याही नक्कल करणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. तो स्वतःला किती मागे ठेवू शकतो? पूर्ण मागे कुणालाच राहता येत नाही. पाचव्या शतकातला चितारी आणि एकोणिसाव्या शतकातला इंग्रज, अशा दोघांच्या हातांचे मिळून ते चित्र होते. म्हणूनच मी त्याला निर्मिती म्हणतो.

पारो

आता पारोविषयी, कारण तिला वगळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. अजिंठा गावात तिची कबर आहे. त्यावरच्या इंग्रजी मजकुरात तिला प्रिय म्हटले आहे, तिचे नाव आहे आणि २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे. ती कोणत्या समाजाची, कुठली, त्यांची भेट कशी झाली, याविषयी जे सांगितले जाते ते माणसागणिक बदलते. दगडावरचा मजकूर मात्र बदललेला नाही. लग्नाची बायको असलेल्या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने एका स्थानिक स्त्रीच्या कबरीवर उघडपणे असे कोरून घ्यावे, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. तेवढ्यावरूनही त्या नात्याचे वजन कळते.

पण पुढची पायरी मला चढावीशी वाटत नाही. पारो ही गिलची प्रेरणा होती, अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्रिया त्याला तिच्यात दिसल्या, तिच्यामुळे तो तिथे राहिला, असे सहज म्हटले जाते. कवितेत ते शोभते. इतिहास म्हणून पाहिले तर तारखा वेगळे सांगतात. पारो गेली १८५६ मध्ये. त्यानंतरही गिल सात वर्षे तेच काम करत होता, आणि काम संपल्यावरही त्याने हा मुलूख सोडला नाही. ज्याला आपण प्रेरणा म्हणतो ती बहुधा एखाद्या क्षणी लखकन येणारी गोष्ट नसते. सकाळी उठून पुन्हा त्याच भिंतीसमोर बसण्याची सवय, काल अर्धवट राहिलेला हात आज पुरा करण्याची ओढ, हीच कामकरी चित्रकाराची प्रेरणा असते. पारोचे दुःख आणि भिंतीची ओढ या दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात. एकीने दुसरीचे कारण व्हायलाच हवे असे नाही.

काचेवरचा अजिंठा

१८५६ च्या सुमारासच गिलच्या हातात कॅमेरा आला. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे अंगमेहनतीचे काम होते. काचेच्या पट्टीवर चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती काच किती भराभर वाळत असेल, याची कल्पना करा. गिलने दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने जोडचित्रेही काढली. खास दुर्बिणीतून पाहिली की त्यांत खोली दिसते, लेण्याचा सभामंडप खरोखर आत आत जातो. अशा छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनमध्ये निघाली; मजकूर फर्ग्युसनचा होता.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. त्या छायाचित्रांना रंग नव्हता आणि अंधाऱ्या भिंतींवरची चित्रे त्यांत नीट उतरणे कठीणच होते. म्हणून कॅमेरा आला तरी कुंचला सुटला नाही. दगडी कमान, खांब, मूर्ती कॅमेऱ्याकडे गेल्या, रंगीत भिंत हाताकडेच राहिली.

आपल्या भागाला जवळचा दुवा असा, की गिलने लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचीही छायाचित्रे घेतली होती. लोणार म्हणजे आमच्या जिंतूर तालुक्याचे शेजार. त्या मंदिराच्या भिंतींवरच्या मूर्ती दीडशे वर्षांपूर्वी कशा होत्या, हे आज कुणाला तपासायचे असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली गिलची छायाचित्रे हाच पुरावा आहे.

आग, पुन्हा आग, आणि भूकंप

गिलने सुमारे तीस मोठ्या प्रती पूर्ण करून पाठवल्या. लंडनजवळ सिडनहॅम इथे काचेचा प्रचंड महाल उभा होता, ‘क्रिस्टल पॅलेस’. तिथे त्या लोकांना पाहण्यासाठी लावल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि वीस वर्षांचे काम जळून गेले. प्रदर्शनात नसलेल्या चार-पाच प्रती तेवढ्या वाचल्या. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्या चित्रांचा माग काढायचा तर १८५६ मध्ये श्रीमती स्पीयर यांनी प्राचीन भारतावर लिहिलेल्या पुस्तकातले काही लहान लाकडी ठसे पाहावे लागतात; ते गिलच्या प्रतींवरून केलेले होते. हातभर-वावभर कॅनव्हास गेले आणि तळहाताएवढे ठसे उरले.

मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेने हे काम हाती घेतले. जॉन ग्रिफिथ्स हे तिथले शिक्षक आणि पुढे प्रमुख. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते विद्यार्थ्यांना घेऊन हंगामी मुक्काम करत अजिंठ्याला राहिले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले व्यक्तिचित्रकार याच तालमीत तयार झाले. एतद्देशीय तरुणांनी अजिंठ्यासमोर बसून शिकण्याची ही पहिलीच वेळ. कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्रती काढणाऱ्या मुलांना आपल्याच मुलखातली इतकी थोर चित्रे समोर दिसली. या प्रतींत गिलावा जिथे पडला आहे तिथे तो पडलेला दाखवला आहे. रिकामी जागा मनाने भरून काढलेली नाही. ही शिस्त आजच्या संशोधकालाही शिकण्यासारखी आहे. मात्र याच मोहिमेत चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश फिरवले गेले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावे लागले. चित्र वाचवण्याच्या प्रयत्नात चित्राला इजा, असेही झाले.

ग्रिफिथ्स यांच्या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या आवारात लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या किंवा खराब झाल्या. दीडशेहून अधिक उरल्या. पण या वेळी निदान दोन खंडांचा ग्रंथ झाला, १८९६–९७ मध्ये. त्यातली पाने घेऊन आज लेण्यात गेले तर भिंतीवर नसलेले चेहरे पानावर सापडतात.

तिसरी खेप १९०९ ते १९११ या काळातली. क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. नंदलालांच्या पुढच्या कामातली रेषा अजिंठ्याच्या या मुक्कामाशिवाय समजत नाही. सय्यद अहमद तर नंतर अजिंठ्याचेच झाले, निजामाच्या पुरातत्त्व खात्यात लेण्यांची देखभाल त्यांच्याकडे आली. याच दशकात जपानहून अराई काम्पो हे चित्रकार आले. त्यांच्या चमूने केलेल्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या; १९२३ च्या भूकंपात त्या गेल्या. पुढे गुलाम यझदानी यांनी निजामाच्या खात्यातर्फे चार भागांत अजिंठा प्रसिद्ध केला, १९३० ते १९५५. त्यात रंगीत छायाचित्रांची मदत झाली आणि हाताने उतरवण्याचे युग मागे पडत गेले.

मग गिलने काय मिळवले?

गिल त्यानंतरही याच मुलखात राहिला. एप्रिल १८७९ मध्ये तो वारला. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे. अजिंठा गावात पारो, भुसावळला गिल, लंडनमध्ये चार-पाच कॅनव्हास. हिशेबाच्या वहीत ही जमा फार थोडी दिसते.

पण गिलच्या कामाची मोजदाद उरलेल्या कॅनव्हासवर करू नये. त्याच्या प्रती लंडनमध्ये टांगल्या गेल्या म्हणून भारतात इतकी जुनी, इतकी प्रौढ चित्रकला होती हे युरोपातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्या जळाल्या म्हणून त्यांची उणीव भासली. उणीव भासली म्हणून जे. जे. कलाशाळेची मोहीम निघाली. त्या मोहिमेतून आपल्या मुलांच्या हाताला अजिंठ्याची ओळख झाली आणि नंतरच्या नंदलालांपर्यंत ती वाट रुंदावत गेली. मूळ चित्रकारांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांनीही आपल्या गुरूच्या हाताची नक्कल करतच रेषा कमावली असणार. वारली चौक लिहिणारी बाई असो, पैठणी विणणारा असो, की भजनात आधीच्याची चाल पुढे नेणारा टाळकरी असो, आपल्याकडे शिकणे आणि जपणे या गोष्टी नकलेतूनच झालेल्या आहेत. गिलला आपण या रांगेत बसवले तर तो परका वाटत नाही.

हे सारे लिहिण्यामागे एक गरजही आहे. आपल्या तालुक्यांतल्या जुन्या वाड्यांच्या ओसरीत, मठांच्या भिंतींवर, देवळांच्या शिखरात आजही जुनी रंगीत चित्रे कुठे कुठे उरलेली आहेत. गाव जीर्णोद्धाराचा विचार करते तेव्हा पहिला हात पडतो तो चुन्याचा किंवा ऑइल पेंटचा. एका सकाळीत दोनशे वर्षे पुसली जातात आणि कुणाचा वाईट हेतूही नसतो. अशा वेळी संग्रहालयाची किंवा सरकारी खात्याची वाट पाहण्याची गरज नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. भिंतीला समोरून, सरळ, दिवसाच्या उजेडात, शेजारी मापाची पट्टी धरून छायाचित्र घ्यावे. तारीख आणि गावाचे नाव लिहून ठेवावे. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना सांगून मुलांकडून त्याची एक प्रत हाताने करून घ्यावी. आणि त्या छायाचित्राच्या, त्या कागदाच्या दोन-तीन प्रती दोन-तीन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात, कारण गिलचे जवळजवळ सगळे काम एकाच छताखाली टांगलेले होते.